‘मरणे’ आणि ‘मारणे’ : दूरस्थ शिकारीचा नैतिक प्रश्न

‘मरणे’ आणि ‘मारणे’ या दोन क्रियापदांत मराठीमध्ये केवळ एका स्वराचे अंतर आहे. पहिल्याला कर्म लागत नाही. दुसऱ्याला मारणारा आणि मारला जाणारा असे दोघेही लागतात. मरण ही घटना असू शकते, मारणे ही मात्र कोणाची तरी कृती असते. आणि नैतिक विचाराचा आरंभ कृतीपासून होतो. शिकारीसंबंधीचे परंपरागत विवाद या कृतीच्या समर्थनीयतेचे होते. राजधर्म, उदरनिर्वाह, क्रीडा अशी समर्थने पुढे आली, खोडलीही गेली. परंतु कर्ता कोण, याविषयी त्यांत संदेह नव्हता. दूरस्थ शिकारीने नेमका हा संदेह निर्माण केला आहे.

2005 मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात जॉन लॉकवुड या गृहस्थाने आपल्या रानात यंत्राने फिरणारी बंदूक बसवली आणि तिला कॅमेरा जोडला. पैसे भरणाऱ्याने आपल्या घरी संगणकासमोर बसून नेम धरावा व कळ दाबावी, अशी ती योजना होती. इंटरनेटद्वारे झालेल्या पहिल्या शिकारीत रानडुकराला गोळी लागली, पण ते मेले नाही. जागेवर असलेल्या लॉकवुडला त्याचा शेवट करावा लागला. पुढे व्हर्जिनिया, टेक्सस, कॅलिफोर्निया आदी अनेक राज्यांनी या प्रकारावर बंदी घातली. विशेष म्हणजे या बंदीला शिकाऱ्यांच्या संघटनांचाही पाठिंबा होता. जे स्वतः प्राणी मारतात, त्यांनाही हे मारणे शिकार या संज्ञेस पात्र वाटले नाही.

याचे एक उत्तर स्पॅनिश तत्त्वचिंतक ओर्तेगा यी गासेत यांच्या 1942 मधील मृगयाविषयक निबंधात सापडते. शिकारी आपले श्रेष्ठत्व स्वेच्छेने मर्यादित करतो, प्राण्याला निसटण्याची संधी ठेवतो, असे ते मानतात. पण हे उत्तर अपुरे आहे. पडद्यावरून नेम धरणाऱ्याचाही नेम चुकू शकतो, प्राणी निसटू शकतो. संधीची समानता हा खेळाचा निकष झाला. तो नीतीचा निकष होईलच असे नाही.

अधिक मूलगामी निकष रामायणातील दशरथाच्या कथेत आहे. शरयूकाठी रात्रीच्या अंधारात घट भरल्याचा आवाज आला. तो हत्तीचा समजून राजाने शब्दवेधी बाण सोडला. न पाहता मारण्याचे हे आपल्या परंपरेतील ठळक उदाहरण होय. तथापि कथा बाणापाशी थांबत नाही. किंकाळी ऐकून राजा तिथवर जातो, लोकपरंपरा ज्याला श्रावणबाळ म्हणते त्या मुमूर्षू मुलाचे बोलणे ऐकतो, त्याच्या आंधळ्या मातापित्यांसमोर उभा राहतो आणि शाप स्वीकारतो. बाण सुटला तेव्हा एक अपघात घडला होता. दशरथ त्याचा कर्ता ठरतो तो तेथवर चालत गेल्यामुळे. टेक्ससच्या योजनेत हे जाणेच वगळले होते. रानडुकराच्या वेदनेचा शेवट दुसऱ्याने केला. कळ दाबणारा आपल्या खुर्चीवरच राहिला.

हा प्रकार परका आहे असे समजून विदर्भातील वाचकाला मात्र निश्चिंत राहता येणार नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावरील कन्हान हे गाव ज्या नदीच्या नावाने ओळखले जाते, तिला मिळणारी पेंच नदी व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून येते. त्या रानाच्या आणि विदर्भातील इतर जंगलांच्या कडेला शेती आहे. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. पूर्वी शेतकरी मचाणावर बसून जागल करीत असे. आज काही शेतांत उघडी तार ताणून, विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून तिच्यात प्रवाह सोडला जातो. तार लावणारा घरी झोपलेला असतो. तारेला कोण शिवेल याची निवड तार करीत नाही. वाघही मरतो, माणूसही मरतो. ऑक्टोबर 2017 मध्ये वर्धा जिल्ह्यात ठार मारण्याचा आदेश निघालेल्या वाघिणीचा शोध सुरू होता. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. तिचा अंत बंदुकीने झाला नाही, शेतातील अशाच तारेने झाला. अशा प्रसंगी ‘वाघीण तारेला लागून मेली’ असे म्हटले जाते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त त्यात मारणारा नाही.

कायदा या वाक्याने फसत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत विष घालणे, फासे व सापळे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. मारणाऱ्याची उपस्थिती आवश्यक नाही. परंतु कायद्याने दिलेले कर्तृत्व आणि मनाने स्वीकारलेले कर्तृत्व यांत अंतर उरतेच.

येथे दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. टेक्ससमधील ग्राहक मारण्याचा अनुभव विकत घेत होता. शेतकऱ्याला मारण्यात रस नाही, त्याला पीक वाचवायचे आहे. म्हणून जबाबदारीचा विचार व्यक्तीपाशी थांबवता येत नाही. जैन नीतिविचारात कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही अनुमती देणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत सर्वांची गणना घातकांत केली आहे. या दृष्टीने पाहता, नुकसानभरपाई वेळेवर न देणारी यंत्रणा आणि वाघ पाहून परतणारा, पण त्या रानाशेजारच्या शेताची किंमत कोण मोजतो हे न विचारणारा पर्यटक, हेही त्या तारेच्या एका टोकाला आहेत.

यावर आक्षेप संभवतो की, मांस विकत घेणारा प्रत्येकजण दूरस्थच मारतो. महाभारतातील धर्मव्याध याच पेचात उभा आहे. तो स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. पण त्या अंतराचा आधार घेऊन तो आपला वाटा नाकारीत नाही. कौशिकासमोर त्याचीच चर्चा करतो. अंतर असणे आणि अंतराआड लपणे यांतील फरक हा आहे. अपंगांना शिकारीचा आनंद मिळावा, हे टेक्ससच्या योजनेचे समर्थनही याच कसोटीवर उतरत नाही. शरीराच्या मर्यादेमुळे ज्याला रानात जाता येत नाही, त्याला सोबत देऊन रानात नेणे ही सहानुभूती होय. त्याच्या हाती केवळ कळ देणे म्हणजे रान वगळून मरण तेवढे देणे.

दूरस्थ शिकारीला मारण्याचे सुख हवे असते आणि मरण्याचे व्याकरण हवे असते. तारेच्या बाबतीत सुख नाही, व्याकरण मात्र तेच आहे. साधनांवर बंदी घालणे आवश्यक असले तरी ती साधने बदलत राहणार. प्रत्येक साधनाला विचारावयाचा प्रश्न एकच राहतो : जखमी प्राण्यापर्यंत चालत जाणारे त्यात कोणी आहे काय? ज्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते, तेथे ‘मेला’ या क्रियापदामागे लपलेला ‘मारला’ शोधून काढणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते.