रिकामे की कामावाचून?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात, बाजारात उभ्या असलेल्या माणसांसाठी 'आर्गोस' हा ग्रीक शब्द आला आहे. त्याची फोड 'काम नसलेला' अशी होते. परंतु तीताला लिहिलेल्या पत्रात तोच शब्द आळशाला लावला आहे. येथे भाषांतरकाराला निवड करावी लागते आणि समाजालाही. मराठीत 'रिकामा' म्हटले की 'रिकामटेकडा' फार दूर राहत नाही.

चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर येथे, संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींखाली, जेवण घरपोच देणारे तरुण मोबाईलकडे पाहत थांबलेले असतात. मागणी आली तर मजुरी. न आली तर थांबण्याचे मोल शून्य. तामिळनाडू सरकारने २०२३ साली अशा कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात नाव दिले. विमा, आरोग्य, वार्धक्य यांचा उल्लेख केला. त्यांच्यासाठीच्या योजनांच्या यादीत बेकारीच्या दिवसांचा मात्र स्पष्ट उल्लेख केला नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याने ग्रामीण मजुराला वचन दिले: मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. काम न मिळणे हा मागणाऱ्याचा दोष नव्हे, हे त्यात गृहीत होते.

भत्त्याने आळस वाढेल, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यासाठी पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले शब्द पुढे केले जातात. परंतु पौल बोलतो ते काम करण्याची इच्छा नसणाऱ्याविषयी. दाखल्यातील माणसे दिवसभर उभी होती, कारण त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धन्याने त्यांचे हे उत्तर खोटे ठरविले नाही.

दाखला हा कायद्याचा मसुदा नव्हे. तो मुळात देवाच्या कृपेविषयी आहे, हे मान्य. तरीही दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची भाकर. तासभरच राबलेल्याच्या घरीही तितकीच तोंडे असतात. अनुवादाचे नियमशास्त्रही सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यायला सांगते, कारण गरिबाचा जीव तीत अडकलेला असतो.

ज्याच्या थांबण्यावर आपली सोय उभी आहे, त्याच्या थांबण्याची किंमत एकट्या त्यानेच का मोजावी? वाचकहो, पुढच्या वेळी दारात डबा घेताना हा प्रश्न मनाला विचारून पाहावा.