विधिमंडळ सांगेल त्या रीतीने

डिसेंबर २००० मध्ये, फ्लोरिडातल्या फेरमोजणीच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट लिहिली. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांसाठी मत देण्याचा हक्क संघराज्याच्या घटनेने नागरिकाला दिलेला नाही. राज्याच्या विधिमंडळाने ती निवड मतदारांवर सोपवली, तरच तो मिळतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला. पण घटनेत तसंच आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात अध्यक्ष काँग्रेसने निवडावा की लोकांनी, यावर कित्येक दिवस काथ्याकूट झाला. एकमत होईना, तेव्हा ठरलं की प्रत्येक राज्याने निर्वाचक नेमावेत, आणि तेही विधिमंडळ सांगेल त्या रीतीने.

पहिल्याच खेपेला न्यूयॉर्कमध्ये घोळ झाला. निर्वाचक कसे निवडायचे यावरून तिथल्या दोन सभागृहांचं जुळलं नाही, आणि १७८९ च्या निवडणुकीत न्यूयॉर्कचा एकही निर्वाचक नव्हता. वॉशिंग्टन यांचा शपथविधी मात्र झाला त्याच न्यूयॉर्क शहरात.

१८०० सालचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. न्यूयॉर्कचे निर्वाचक विधिमंडळच निवडत होतं. वसंतातल्या निवडणुकीत ॲरन बर यांनी शहर पिंजून काढलं आणि नवं विधिमंडळ जेफरसन यांच्या पक्षाकडे गेलं. लगेच अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं: जुन्या विधिमंडळाची मुदत अजून संपलेली नाही, ते बोलवा आणि निवड जिल्हावार मतदारांकडे द्या. म्हणजे लोकांना मत मिळावं ही मागणी इथे आली ती हरलेला डाव सावरायला. जे हॅमिल्टन यांच्याच पक्षाचे. त्यांनी पत्रावर शेरा मारला की पक्षहितासाठी सुचवलेलं हे पाऊल उचलणं आपल्याला शोभणार नाही, आणि कागद ठेवून दिला. न्यूयॉर्कची ती १२ मतं त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष ॲडम्स यांना मिळाली असती, तर तेच पुन्हा अध्यक्ष झाले असते.

या शेऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सगळा डोलारा एका माणसाच्या सचोटीवर उभा होता, हेही त्यातून दिसतं.

पुढे मताधिकारावरच्या मालमत्तेच्या अटी सैल होत गेल्या, पक्ष गावोगाव पोचले, आणि मतदाराला सामोरं जाऊन ‘तुमचं मत नको’ म्हणणं आमदारांना जड जाऊ लागलं. १८२४ मध्ये २४ पैकी ६ राज्यांत विधिमंडळं निर्वाचक निवडत होती. न्यूयॉर्कच्या सिनेटने तेव्हा लोकांकडे निवड देणारं विधेयक रोखलं; नोव्हेंबरात मतदारांनी ते रोखणाऱ्या गटाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार पाडला. १८२८ ला अशी दोनच राज्यं राहिली, आणि १८३२ पासून एकटं साउथ कॅरोलिना. घटनेतले ‘विधिमंडळ सांगेल त्या रीतीने’ हे शब्द मात्र जागचे हलले नव्हते.

साउथ कॅरोलिनात मालमत्ता नसलेले गोरे पुरुषही आमदार निवडत, पण अध्यक्षासाठी त्यांना मत नव्हतं. विधिमंडळावर किनारपट्टीच्या मळेवाल्यांची पकड होती, आणि राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं गुलामगिरीत होती. १८३२ मध्ये या विधिमंडळाच्या निर्वाचकांनी राज्याची ११ मतं जॉन फ्लॉइड यांना दिली. दुसऱ्या कुठल्याही राज्यातून त्यांना एक मत पडलं नाही. नोव्हेंबर १८६० मध्ये कोलंबियात आमदार जमले ते निर्वाचक निवडायला. ते काम उरकल्यावर ते घरी गेले नाहीत. लिंकन निवडून आल्याची बातमी येताच त्यांनी फुटून निघण्यासाठी परिषद बोलावली. २० डिसेंबरला राज्य संघराज्यातून बाहेर पडलं.

युद्ध झालं, गुलामगिरी गेली, राज्याची नवी घटना आली. ऑक्टोबर १८६८ मध्ये बेंजामिन रँडॉल्फ या काळ्या सिनेटरला प्रचाराच्या दौऱ्यात रेल्वे स्थानकावर भरदिवसा गोळ्या घालून मारलं. तरीही ३ नोव्हेंबरला लोक मतदानाला आले. साउथ कॅरोलिनातले मतदार अध्यक्षासाठी स्वतः मत देत होते ते त्या दिवशी पहिल्यांदा, काळेही आणि गोरेही.