सब्र आणि शोध

हजरत याकूब (अलै.) यांची दृष्टी पुत्रवियोगाने गेली, तरीही त्यांनी मुलांना यूसुफ (अलै.) यांच्या शोधास धाडले. शोध हा सब्रचाच भाग आहे. 1971 च्या युद्धातील 54 भारतीय सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे भारत सांगत आला, पाकिस्तान नाकारत आला. 2007 मध्ये आप्तेष्ट तेथील तुरुंग धुंडाळून रिकाम्या हाती परतले. (कैद्याला जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा करताना सूरह अद्-दहर त्या कैद्याचा पक्ष विचारत नाही.)

बंधूंनो, पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या एकट्या अपशिंगे गावाने 46 जवान गमावले. सातारा-सांगलीत आजही अनेक घरे फौजींची आहेत. जुमाच्या नमाजनंतर शिकलेल्या तरुणांनी एखाद्या सैनिकविधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहून द्यावा, तिच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि निकाल लागेपर्यंत जात राहावे.