लपवावे काय, उघडे ठेवावे काय

फटाक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तेरखेड्यात दारू कशाची बनते हे कोणी लपवत नाही. सोरा, गंधक, कोळसा ही नावे शाळेच्या पुस्तकातही सापडतील. कुलूप पडते ते दारूच्या कोठीला, आणि त्या कोठीला परवाना लागतो.

पासवर्ड सांभाळणारे 'मूल्टिपास' हे छोटे यंत्र हौशी तंत्रज्ञांनी २०१३-१४च्या सुमारास याच तत्त्वावर घडवले. त्याचा आराखडा आणि प्रोग्राम सर्वांना खुला आहे. आत एटीमेगा ३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर. संगणकाला तो कीबोर्ड वाटतो, त्यामुळे पासवर्ड यंत्रच टाइप करते. पासवर्ड कूटबद्ध होऊन यंत्राच्या स्मृतीत राहतात, ते उलगडणारी किल्ली मात्र वेगळ्या स्मार्ट कार्डावर असते. कार्डाला पिन असतो आणि तो वारंवार चुकला की कार्ड कायमचे बंद होते. चोराने यंत्र पळवले, वर सगळा आराखडाही वाचून काढला, तरी कार्ड आणि पिन यांच्याशिवाय त्याचे काम अडते. पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असे ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच भाषाअभ्यासकाने १८८३ मध्येच मांडले होते.

काय लपवावे आणि काय उघडे ठेवावे, हा प्रश्न महाराष्ट्रात धर्माच्या अंगाने केर्कहॉफ्सच्या कितीतरी आधी उभा राहिला. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाने मराठीचा आग्रह धरला. संस्कृतात लिहिले तर साध्या बायाबापड्या वंचित होतील, ही पंथाचे आचार्य नागदेव यांची कळकळ होती. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. देवनागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह, अशी ती सांकेतिक लिपी. ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू. पण त्यामुळे 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला परका राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी लिपी उलगडली आणि एका संकेतासरशी पोथ्यांमागून पोथ्या वाचता येऊ लागल्या. गुपित पद्धतीतच होते, त्यामुळे पद्धत कळताच संरक्षण संपले.

छळाचे भय असलेल्याने आपले वाङ्मय लपवणे हा अधर्म म्हणता येणार नाही. कोणाचाही खासगी पासवर्ड ही जशी त्याची अब्रू, तसे ते वाङ्मय त्या समाजाची अब्रू होते. दोष लपवण्यात नव्हता. जे बायाबापड्यांसाठी सांगितले गेले, तेच त्यांच्या लेकीसुनांना वाचता येऊ नये, इथे मात्र हिशेब चुकला. उपदेश सर्वांचा असतो आणि श्रद्धेतले खासगीपण ज्याचे त्याचे. दोन्हींवर एकच कुलूप घातले की खासगीपण राखताना उपदेशच हरवतो.

तरीही एका गोष्टीचे श्रेय महानुभावांच्या पदरात टाकावेच लागते. त्यांनी संकेत एका माणसाच्या डोक्यात कोंडून ठेवला नाही, गुरूने शिष्याला दिला. 'मूल्टिपास'च्या कार्डाचीही दुसरी प्रत काढून विश्वासातल्या माणसाजवळ ठेवता येते. ती सोय नसती, तर कार्ड हरवल्यावर खुद्द मालकाचेही पासवर्ड कूटाक्षरांतच पडून राहिले असते.