बुधवारी बंद

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. पोरांना सुट्टी आहे, चार दिवस तुझ्याकडं येतोय, राणीच्या बागेचं तेवढं ठरवून ठेव. थोरल्याला पेंग्विन बघायचाय.

दादा नारायणगावजवळ राहतो, मी डोंबिवलीत. मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला आणि फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. प्राण्यांना कोंडून ठेवणं मला पटत नाही, मी सहा वर्षांत कुठल्याही प्राणिसंग्रहालयात पाऊल टाकलेलं नाही, पोरांना यातून चुकीचा धडा मिळतो, वगैरे. सोबत पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणाऱ्या वाघाचा एक व्हिडिओ. वीस मिनिटांनी वहिनीचं उत्तर आलं, ‘बरं ताई. मग पोरांना दुसरं कुठं नेऊया?’

मी मोबाइल हातात धरून बसले. मॉलमधल्या खेळांचं माणशी तिकीट किती ते मला माहीत होतं. मे महिन्यातल्या दुपारी चौपाटीवर काय होतं तेही माहीत होतं. मुंबईत दोन मुलांना घेऊन, झाडांखाली, दिवसभर, परवडेल अशा पैशांत कुठं जायचं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी एक हसरा चेहरा पाठवला आणि विषय तिथंच राहिला.

त्या रात्री मात्र झोप लागेना. माझं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण ते मी ज्यांना ऐकवलं, त्यांना ऐकवण्याचा मला किती हक्क आहे, हा प्रश्न सुटत नव्हता.

आधी माझी बाजू सांगते. ती नुसती हळवेपणाची नाही. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधकांचा २००३ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला होता. जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या टापूत असतो, तेच प्राणी बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे त्या व्हिडिओतला वाघ फेऱ्या मारत होता, तो ‘रुबाबात चालत’ नव्हता.

आणि ज्यासाठी थोरला येणार आहे, ते पेंग्विन. २०१६च्या जुलैत दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन भायखळ्याला आले. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक मेला. मार्च २०१७पासून ते लोकांना बघायला खुले झाले. १५ ऑगस्ट २०१८ला तिथं पहिलं पिल्लू जन्मलं, त्याची केवढी बातमी झाली, आणि आठवडाभरात ते गेलं. पुढं तिथंच आणखी पिल्लं जन्मली आणि जगलीही. पण काचेच्या आत सोळा-अठरा अंशांचा गारवा आणि बाहेर भायखळ्याचा मे महिना. मध्ये एक काच आणि अखंड चालणारी यंत्रं. हे सगळं कुणासाठी चाललंय, तर आपल्याला बघायला मिळावं म्हणून.

हे सगळं खरंच आहे. आता दुसरी बाजू, जी मी ग्रुपवर लिहिली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी ताडोबाला गेले होते. रेल्वे, खोली, जिप्सी, गाइड, सगळं मिळून माझा अर्ध्या महिन्याचा पगार गेला. तिसऱ्या फेरीत वाघीण दिसली, चारेक मिनिटं, दहा-बारा गाड्यांच्या गराड्यात. परत आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले, वाघ बघावा तर जंगलात. त्यानंतर मी प्राणिसंग्रहालयात गेले नाही. म्हणजे माझं तत्त्व जन्मलं ते पगारातून. राणीच्या बागेत आईवडील आणि दोन मुलांचं तिकीट शंभर रुपये आहे. दादाच्या पोरांना जंगलातला वाघ दाखवायचा तर त्याला टोमॅटोचा एक हंगाम चांगला जावा लागेल, आणि तो गेलाच तर त्या पैशांना आधीच दहा वाटा फुटलेल्या असतात. ‘प्राणी बघायचे तर जंगलात जा’ हे वाक्य दादाच्या घरात फक्त ‘बघू नका’ असंच ऐकू जातं.

त्याहून अवघड गोष्ट बिबट्याची.

जुन्नर तालुका माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. मैलोन्‌मैल ऊस, आणि उसात बिबट्या. थोरल्यानं आठ वर्षांच्या वयात दोनदा बिबट्या पाहिलाय, दोन्ही वेळा दादाच्या गाडीवर मागं बसलेला असताना. दिवेलागणीनंतर पोरं अंगणात खेळत नाहीत. वहिनी गोठ्यात जाताना मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावते. अशा भागात वनखातं उसाच्या कडेला पिंजरा लावतं. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. तिथून सगळ्यांनाच परत सोडता येत नाही.

वहिनीसाठी पिंजरा ही तात्त्विक गोष्ट नाही. तो शेजारच्या शेतात उभा असतो आणि तो रिकामा आहे की भरलेला, यावर तिची रात्रीची झोप ठरते. जनावर मोकळं असावं असं मी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून म्हणते. त्या मोकळेपणाची किंमत कुणीतरी देतं आणि ते मी देत नाही. तिनं माझा मेसेज वाचून ‘बरं ताई’ एवढंच लिहिलं, हा तिचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. स्पीकरवर सगळेच होते. मी सांगितलं की अजून ठरवतेय, पण मला खरंच त्रास होतो त्या बंद जनावरांकडं बघून. दादा हसला. म्हणाला, “अगं, त्या वाघाला आपल्या लालबागच्या खोलीपेक्षा मोठी जागा आहे.”

हे खोटं नाही. बाबा गिरणीत होते तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आमच्या घरची नऊ माणसं राहायची. रविवारी दुपारी बायका पोरं घेऊन राणीच्या बागेत जायच्या, कारण तेवढंच हिरवं जवळ होतं. ही बाग १८६२ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावानं उघडली, प्राणी मागाहून आले. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं तरी लालबाग-परळकडची माणसं अजून राणीची बागच म्हणतात. गिरणगावातल्या किती जणांनी आयुष्यात पहिल्यांदा हत्ती, अस्वल, पाणघोडा पाहिला तो तिथंच.

मी दादाला काय उत्तर द्यावं या विचारात होते. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, “आपल्या खोलीला कडी आतून होती.”

बस, एवढंच. मग ती पोरांना जेवायला वाढायला गेली.

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला. जागा किती, हा मोजण्याचा प्रश्न आहे आणि त्यात चाळीतला माणूस वाघाला कधीही हरवेल. पण नऊ माणसांच्या त्या खोलीतही आई दार लावून घेऊ शकत होती. आलेल्याला ‘नंतर या’ म्हणू शकत होती. कंटाळली तर जिन्यात जाऊन बसू शकत होती.

हाइनी हेडिगर नावाचे स्विस प्राणिशास्त्रज्ञ झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. त्यांनी एक साधी गोष्ट नीट मांडली. प्रत्येक रानटी जनावराचं एक ठरावीक अंतर असतं. त्याच्या आत कुणी आलं की ते पळतं. कोण किती जवळ येणार हे जनावर स्वतः ठरवतं. पिंजऱ्यात नेमकं हेच जातं. म्हणूनच जिथं प्राण्याला लपायला आडोसा आहे ती जागा चांगली, आणि जिथून तो आपल्याला सतत दिसतो ती वाईट, मग ती कितीही प्रशस्त असो. प्राणी आत जाऊन बसला की आपण चिडतो, पैसे वाया गेले म्हणतो. पण त्या क्षणी त्यानं आतून कडी लावलेली असते. त्याच्याकडं उरलेली तेवढीच.

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. अरबस्तानातला ऑरिक्स हा पांढरा, लांब शिंगांचा प्राणी १९७२पर्यंत शिकारीमुळं जंगलातून पार संपला. आधीच पकडून प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले कळप होते, म्हणून १९८२ साली तो ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आला. पिंजरा नसता तर ती जात आज नसती. पण भायखळ्याचे पेंग्विन काही पेरूच्या किनाऱ्यावर परत जाणार नाहीत. ते तिथं आहेत ते आपल्यासाठी, माझ्या भाच्यासाठी. त्याच्या आनंदाची किंमत त्यांनी मोजलीय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. हे मला कुठल्याही युक्तिवादानं गोड करता येत नाही.

मग जायचं की नाही?

‘आपण नाही गेलो म्हणून एकही पेंग्विन सुटणार नाही’ हे मी स्वतःला सांगून पाहिलं. पण या न्यायानं जगातलं काहीही करता येतं. आपल्या एकट्यानं काय फरक पडतो, असं म्हणूनच तर सगळं चालू राहतं. ते कारण मी सोडून दिलं.

जायचं ठरवलं ते वेगळ्या कारणानं. न जाण्याचं माझं पुण्य मी दोन पोरांच्या सुट्टीतून वजा करणार होते, स्वतःच्या खिशातून नव्हे. आणि मी नाही म्हटलं तरी ती जाणारच होती, दादाबरोबर, रविवारच्या गर्दीत, काचेवर थापा मारणाऱ्या लोकांच्या रांगेत. थोरला तिथं जे काही विचारेल ते विचारताना मी शेजारी असावं, असं मला वाटलं. त्याला बिबट्या माहीत आहे, भीतीच्या बाजूनं. जनावरालाही आपली भीती वाटू शकते, ही बाजू त्याला अजून कुणी दाखवलेली नाही.

मला पिंजरा पटला म्हणून मी जातेय असं मात्र नाही. मनात खुपत राहणार आहे. ते खुपणं पोरांपासून लपवायचं नाही, एवढं ठरवलं.

मग बसून बेत आखला. रविवार नको, आठवड्यातला साधा दिवस, आणि बाग उघडल्या उघडल्या. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटं. सगळे प्राणी बघायचे नाहीत, तीनच. पेंग्विन, वाघ, आणि तिसरा धाकटी सांगेल तो. प्रत्येकापाशी निदान वीस मिनिटं थांबायचं. दिसला नाही तरी थांबायचं, आणि नाहीच दिसला तर ‘तो झोपलाय, त्याला आत्ता कुणी नकोय’ म्हणून पुढं निघायचं. शिट्ट्या नाहीत, हाका नाहीत, काच ठोकायची नाही, वेफर टाकायचे नाहीत. हे नुसते शिष्टाचार नाहीत. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

बाकीचा वेळ झाडांखाली. तिथं हजारांवर झाडं आहेत, आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला आणि तुकडे इथंच राहिले. ते पुढं जोडून तो परत उभा केला. त्याला हवं तितकं बघा, हवे तितके फोटो काढा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘वहिनी, परवाच्या मेसेजबद्दल सॉरी.’ तिनं लिहिलं, ‘अहो ताई, त्यात काय. आईंना पण आणू का? गुडघे दुखतात म्हणतात पण यायचंय त्यांना.’ मी लिहिलं, ‘आणाच. फक्त बुधवार सोडून, बुधवारी बाग बंद असते.’

पाच मिनिटांनी वहिनीच्या फोनवरून थोरल्याचा आवाज आला. “आत्या, बुधवारी बंद का असते?”

मला उत्तर येत होतं, म्हणून बरं वाटलं. देशातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयानं आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी बंद राहावं असा नियमच आहे. मी सोप्या शब्दांत सांगितलं, “एक दिवस प्राण्यांना सुट्टी असते रे. त्या दिवशी त्यांना बघायला कुणी येत नाही.”

पुन्हा आवाज आला.

“मग सुट्टीत ते कुठं जातात?”

मी बटण दाबून धरलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बोट काढून घेतलं. गुरुवारी जातोय आम्ही. तिथं उभी राहून सांगेन.