गुरुजी झालेला इंजिनिअर आणि राजस त्याग



आज अध्याय १८, श्लोक ८. काल सातव्या श्लोकात आपण पाहिलं की नियत कर्म मोहाने टाकून दिलं तर तो तामस त्याग. आज भगवंत पुढचं सांगतात. काम दुःखाचं आहे, शरीराला त्रास होईल, या भीतीने ते सोडलं तर तो राजस त्याग. आणि असं सोडणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही.

आयटीवाल्यांना हा श्लोक जरा टोचतोच. 'बास, सोडतो आता' हे आपण महिन्यातून एकदा तरी म्हणतो, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं.

माझा एक मित्र नऊ वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला होता. रात्री अडीचला फोन, पहाटे पुन्हा कॉल. शेवटी शेवटी फोन वाजला नाही तरी तो दचकून उठायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत : गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. (ती आजारांत धरलेली नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदली आहे.) याच्याकडे तिन्ही होती. त्याने राजीनामा दिला, पौरोहित्य शिकला, आणि आता लग्नं लावतो. घरात आधी कुणीच भिक्षुकी केलेली नव्हती. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी जात किंवा स्त्री-पुरुष न बघता हे शिकवतात, त्यामुळे ती अडचण आली नाही.

अडचण आली ती काकांची. त्यांनी त्याला हाच श्लोक ऐकवला. "झेपलं नाही म्हणून पळालास. वर देवाचं नाव लावलंस."

काकांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. 'नियत' म्हणजे वाट्याला आलेलं कर्तव्य, आणि कंपनीच्या ऑफर लेटरमधलं प्रत्येक काम काही त्यात बसत नाही, हे खरं. पण ही पळवाट म्हणूनही वापरता येते. याच अध्यायात पुढे, ४८व्या श्लोकात, भगवंत म्हणतात की अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. मग एका धुरातून उठून दुसऱ्या धुरात बसलो, एवढंच झालं का?

कारण धूर इथेही आहे. मुहूर्त ही अशी डेडलाइन आहे की ती कुठलाच मॅनेजर पुढे ढकलू शकत नाही, तरी नवरी मेकअपमध्ये असतेच. फोटोग्राफर सांगतो, "गुरुजी, हार परत एकदा घालायला सांगा." सीझनमध्ये एकही रविवार घरी नाही, आणि चातुर्मासात हात रिकामे. पगाराची तारीख नाही. दक्षिणेवरून घासाघीस होते ती वेगळीच.

तरी एक फरक मला त्याच्याबरोबर एका लग्नाला गेलो तेव्हा दिसला. आपल्याकडे मंगलाष्टकांना हॉल भरलेला असतो. अक्षता पडल्या की सगळे जेवायला पळतात. होम, लाजाहोम, सप्तपदी यानंतर, जेमतेम आठ-दहा माणसांसमोर. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने या कायद्याखालचं लग्न होत नाही. म्हणजे ज्या सात पावलांवर सगळं उभं आहे, ती पडत असताना मांडवाचं लक्ष जिलेबीकडे!

मित्र मात्र तेव्हाच सगळ्यात सावकाश बोलत होता. प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगत होता : अन्न, बळ, आणि असं करत सातवं पाऊल सख्याचं. ऐकायला ते दोघंच. ना डॅशबोर्ड, ना रेटिंग. मला वाटतं राजस त्यागाची परीक्षा इथे आहे. माणसाने काय सोडलं त्यावरून ती कळत नाही. नव्या कामात त्याला पुन्हा फळच हवंय का, त्यावरून कळते. उद्या याच मित्राला 'रीलवाले गुरुजी' म्हणून बुकिंग यायला लागली आणि तो व्ह्यूज मोजायला लागला, तर काका बरोबर ठरतील. आज तरी मला तसं दिसत नाही.

आणि एक. हा श्लोक दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे. रात्र रात्र जागून आजारी पडलेल्या पोराला 'कष्टाला घाबरू नकोस' म्हणून तो ऐकवणं मला पटत नाही. अति जागणाऱ्याला योग साधत नाही, हे सहाव्या अध्यायात त्याच भगवंतांनी सांगितलंय. काकांनी तो अध्यायही उघडावा.

मी स्वतः अजून तिथेच आहे. घराचा हप्ता आहे, आणि खरं सांगायचं तर मला कोड लिहायला आवडतं. सोमवारपासून माझी ऑन-कॉलची पाळी आहे. मित्राला विचारलं, "तुला आता थकायला होत नाही?" म्हणाला, "होतं की. मे महिन्यात तर घसा बसतो. पण झोप लागते."

उद्या श्लोक ९, सात्त्विक त्याग. तिथे भगवंत काम सोडायला सांगतच नाहीत, त्यामुळे माझी जास्त पंचाईत होणार आहे.

रामकृष्ण हरी.