पाणी थांबेपर्यंत

जेवणं उरकली की माझा भाचा ओसरीच्या कोपऱ्यात, चार्जरची वायर पोहोचते तिथं, भिंतीला पाठ लावून बसतो. नववीत आहे. गावातली आणखी तीन पोरं आपापल्या घरातून जोडली जातात आणि चौघांचा स्क्वाड तयार होतो. परवा मी निजायला निघालो तर म्हणाला, "मामा, दोनच मिशनं राह्यल्यात. एवढी झाली की बास."

मी शेजारी टेकलो. काय राहिलंय ते त्याला तोंडपाठ होतं. अमुक बंदुकीनं अमुक इतकं नुकसान करायचं, मित्रांसोबत शेवटच्या दहांत टिकायचं, पडलेल्या साथीदाराला उठवायचं. एकेक पुरं झालं की यादीत ती ओळ उजळते, तिच्यावर बोट ठेवलं की बक्षीस हातात. ते बोट ठेवताना त्याचा चेहरा मी पाहिला. परीक्षेचा निकाल बघताना एवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता.

खेळ बीजीएमआय. सप्टेंबर 2020मध्ये पब्जीवर बंदी आली, त्यानंतर जुलै 2021मध्ये हा आला. त्याची उतरंड भाच्यानं मला समजावली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राऊन, एस. आणि सगळ्यांत वर कॉन्करर, जिथं सर्व्हरवरचे पहिले 500 जणच मावतात. खालच्या प्रत्येक पायरीच्या पोटात पुन्हा पाच पायऱ्या, शंभर-शंभर गुणांच्या. क्राऊनला 3700 लागतात, एसला 4200. हा 3640वर होता. "साठच ऱ्हायलं," म्हणाला. एका सामन्यात साधारण किती मिळतात, लवकर मेलो तर किती जातात, सगळा हिशेब बोटांवर.

असा हिशेब मी आधी एकदा पाहिलाय. मोबाइलवर नव्हे, गावच्या देवळाच्या सभामंडपात, 2018च्या उन्हाळ्यात.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचं ते तिसरं वर्ष. 2016ला तीनच तालुके होते, त्यातला एक आपल्याच जिल्ह्यातला कोरेगाव, आणि पहिला नंबरही तिथल्याच वेळू गावाचा आला. 2018ला तालुके 75 झाले, त्यात आमचं माणही. मुदत 45 दिवसांची, 8 एप्रिल ते 22 मे. गुण 100. शोषखड्ड्यांचे इतके, रोपवाटिकेचे इतके, पाण्याच्या अंदाजपत्रकाचे इतके, श्रमदानाचे आणि यंत्राच्या कामाचे इतके. रात्री माणसं सभामंडपात जमायची आणि आज किती घनमीटर झालं, उद्या किती लागेल, कुणाच्या घरचा शोषखड्डा राहिलाय, याची बेरीज चालायची. उभ्या हयातीत घनमीटर हा शब्द न उच्चारलेल्या म्हाताऱ्या त्या महिन्यात घनमीटरमध्ये बोलत होत्या.

तेव्हा काही शहाणी माणसं म्हणायची, बक्षिसासाठी राबतायत, बक्षीस नसतं तर कुणी टिकाव उचलला असता का? मला ते बोलणं तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सबंध डोंगर अंगावर घेता येत नाही माणसाला. आजचा चर घेता येतो. "गाव पाणीदार करा" असं नुसतं सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि घरी गेले असते. उद्या सकाळी सहाला, या फक्कीच्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, असं सांगितलं म्हणून माणसं आली. पुढची पायरी दिसली की पाय आपोआप उचलतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? भाच्याच्या पायांतही तीच ओढ आहे. म्हणून त्याला रागवायला माझी जीभ उचलत नाही.

दोन्हीकडचा पहिला धडासुद्धा एकच निघाला. भाचा स्क्वाडला ओरडून सांगत असतो, "हाइट घ्या, हाइट घ्या!" वर असलेल्याला खालचा दिसतो. पाणलोटाच्या प्रशिक्षणातही पहिल्या दिवशी हेच शिकवतात, काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं. वरचं पाणी वरच अडवलं नाही तर खालचा बांध फुटतो.

22 मेला मात्र काम थांबलं. माणसांनी खोरी धुऊन ठेवली. हातांना घट्टे पडले होते, अंग आंबलं होतं, आणि पुढं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बालेवाडीला निकाल लागला. पहिला नंबर आपल्या माणमधल्या टाकेवाडीचा, 75 लाखांचा. दुसऱ्या नंबरातही आपलं भांडवली होतं, बुलढाण्याच्या सिंदखेडबरोबर. चार हजारांहून जास्त गावं उतरली होती त्या स्पर्धेत. आमच्या गावाला काही मिळालं नाही, तरी त्या रात्री आमच्या चौकातही गुलाल उधळला गेला.

आणि पाऊस आला नाही. हे लिहिताना आजही घसा दाटतो. माण म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख, सरासरीच मुळी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्या वर्षी तीही भरली नाही. 2019च्या सुरुवातीलाच म्हसवडला जनावरांची छावणी लागली. ज्या हातांनी चर खोदले त्याच हातांनी दावणी सोडून गुरं छावणीला नेली. डोंगरावर कोरडे चर रांगेनं तोंड उघडून पडले होते. आम्ही खोदलेल्यात पाणी उभं राहिलं ते 2019च्या परतीच्या पावसात, काम संपल्यावर जवळजवळ सतरा महिन्यांनी. एक म्हातारा सकाळी वर गेला, चराच्या काठावर बसला आणि पाण्यात हात बुडवून कितीतरी वेळ तसाच राहिला.

भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला, उलटा. मग विचारलं, "मधल्या काळात चर बुजलं न्हाईत?" थोडे बुजले, म्हटलं. "पण गेलं न्हाईत," तो म्हणाला. सीझन संपला की त्याची रँक खाली येते. क्राऊनला पोचलेला पुन्हा काही पायऱ्या खालून सुरुवात करतो, दर वेळी. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नियम म्हणून सांगितलं. मला मात्र ते लागलं. पोराच्या अंगात केवढी चिकाटी आहे! साठ गुणांसाठी तो तीन रात्री झगडतो, पडलेल्या मित्राला उठवायला गोळ्यांत शिरतो. आणि त्याला खोरं धुऊन ठेवायचा दिवस कुणी देत नाही. आजची मिशनं संपली की उद्याची तयार असतात.

रविवारी माळ्यावरून जुना हायड्रोमार्कर काढला. दोन काठ्या, त्यांवर मोजपट्टी, आणि दोन्हींना जोडणारी लांब पारदर्शक नळी. नळीत पाणी भरायचं, एकानं एक काठी धरायची, दुसऱ्यानं दुसरी घेऊन उतारावर सरकायचं. दोन्हीकडची पातळी सारखी दाखवेल ती समतल रेघ. नळी पिवळी पडली होती, पण गळत नव्हती. गाळानं बुजलेल्या एका चराच्या वर आम्ही दोघं उभे राहिलो. भाचा न सांगता वरच्या अंगाला गेला. हाइट घेतली.

मी काठी टेकवली आणि आकडा वाचायला वाकलो. नळीतलं पाणी वर-खाली डुलत होतं, हळूहळू कमी-कमी.

"मामा, हलू नका," तो वरून म्हणाला. डोळे नळीवर. "अजून थांबलं न्हाय."